नवा मॅनेजर आलाय? त्याला असं जोखा

फुटबॉल क्लबने नव्या मॅनेजरचं, म्हणजे टीम घडवून खेळवणाऱ्या माणसाचं, नाव जाहीर केलं की तासाभरात चाहत्यांचे दोन तट पडतात. एक गट म्हणतो, ‘दोन वर्षांत लीग आपली.’ दुसरा म्हणतो, ‘मागच्या क्लबात काय दिवे लावले?’ मोसम संपला तरी दोघंही जागचे हलत नाहीत, कारण मोजायला पट्टीच नसते. एकाच्या हाती जुन्या ट्रॉफ्या, दुसऱ्याच्या हाती पहिल्या पाच मॅचचे निकाल. या दोन्हींवर विसंबून भल्याभल्यांचे अंदाज चुकलेत.

युर्गेन क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलला आला. पहिल्या तिन्ही मॅच बरोबरीत सुटल्या: टॉटनहॅमशी ०-०, रुबिन कझानशी १-१, साउदॅम्प्टनशी १-१. त्या मोसमात लिव्हरपूल आठवं आलं. उलट ओले गुन्नार सोल्शायर डिसेंबर २०१८ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा हंगामी मॅनेजर झाला आणि सगळ्या स्पर्धा धरून पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकला. २८ मार्च २०१९ ला त्याला तीन वर्षांचा करार मिळाला. त्यानंतर मोसमाच्या उरलेल्या १० मॅचमध्ये विजय दोन, हार सहा. पहिल्या महिन्याच्या निकालांवर पैज लावणारा दोन्हीकडे हरला असता.

सुरुवातीची ही उसळी फसवी का असते ते नीट समजून घ्या. क्लब मॅनेजरला काढतो तो सलग पाच-सहा मॅच वाईट गेल्यावर. त्या मॅचमध्ये काही खरा दोष असतो, तर काही नुसतं नशीब: पोस्टला लागलेले फटके, कुणाच्या तरी पायाला लागून आत गेलेला गोल, दुखापती. नशीब तसंच राहत नाही. म्हणून नवा माणूस आला काय नि जुनाच राहिला काय, पुढचे निकाल थोडे सुधारतातच. नेदरलँड्सच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास झाला आहे. त्यात मॅनेजर बदललेले क्लब आणि तशाच घसरणीत मॅनेजर न बदललेले क्लब, दोन्ही जवळपास सारखेच सावरलेले दिसले.

पहिली मॅच सुरू व्हायच्या आधी: त्याच्या हाती काय दिलंय ते लिहून काढा

हे काम पहिल्या मॅचआधीच करायचं. निकाल आला की आठवण आपल्या सोयीने बदलते, आणि ‘मी तर आधीच म्हणालो होतो’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. वहीचं एक पान घ्या, तारीख टाका.

सगळ्यात वर टेबलातली जागा आणि तिच्या शेजारी मागच्या १० मॅचमधला एक्सजीचा फरक. एक्सजी म्हणजे संधी किती चांगल्या होत्या, त्यावरून किती गोल अपेक्षित होते त्याचा हिशेब; फरक म्हणजे आपण मिळवलेला वजा समोरच्यांना दिलेला. टीम टेबलात १४ वी, पण एक्सजीने सातवी असेल, तर नवा मॅनेजर काही न करताही वर जाईल. ते श्रेय त्याचं नाही. टीम टेबलात वर आणि एक्सजीने खाली असेल तर बिचाऱ्याच्या वाट्याला घसरण ठरलेलीच आहे.

त्याखाली पगाराचा क्रमांक. लीगमध्ये कोण कुठे संपवणार हे बऱ्याच अंशी पगाराच्या एकूण रकमेवरून ठरतं. ट्रान्सफरवर, म्हणजे खेळाडूंच्या खरेदीवर, ओतलेल्या पैशांपेक्षा हा आकडा जास्त बोलका असतो. इंग्लंडमधल्या क्लबांचे वार्षिक हिशेब कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कंपनीज हाउसकडे दाखल होतात आणि कुणालाही फुकट पाहता येतात. पगारात नववी असलेली टीम सहावी आली, तर त्या तीन जागा मॅनेजरच्या खात्यात मांडायला हरकत नाही. पगारात तिसरी असून पाचवी आली तर ‘पहिल्या पाचात आणलं’ हे कौतुक कशाचं?

मग खेळाडू कोण निवडतं हे. हेड कोच आणि मॅनेजर या दोन पदांमधला फरक नुसत्या नावाचा नाही. हेड कोच प्रामुख्याने सराव आणि मॅच सांभाळतो, खरेदीची सूत्रं स्पोर्टिंग डायरेक्टरच्या हाती असतात. आर्सेनलने मिकेल आर्टेटाला डिसेंबर २०१९ मध्ये हेड कोच म्हणून आणलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये मॅनेजर केलं; तिथून त्याच्या जबाबदारीचं क्षेत्र वाढलं. खरेदीत ज्याचा शब्द चालत नाही त्याला खरेदीबद्दल झोडपू नका.

शेवटी तो कधी आला ते. ग्रॅहम पॉटरला चेल्सीने ८ सप्टेंबर २०२२ ला नेमलं, म्हणजे उन्हाळ्याची विंडो (खेळाडू खरेदीची मुदत) बंद झाल्यावर आठवड्याने. मालक नवे, नोव्हेंबर-डिसेंबरात वर्ल्ड कप, आणि जानेवारीत एन्झो फर्नांडेझ, मुद्रिक यांच्यासह खेळाडूंची फौजच आली. ३१ मॅच, १२ विजय, आणि २ एप्रिल २०२३ ला हकालपट्टी. पॉटर कसा मॅनेजर आहे हे त्या सात महिन्यांवरून कळतं असं म्हणणाऱ्याने त्याच्या प्री-सीझनचे, म्हणजे मोसमाआधीच्या सरावाचे, दिवस मोजावेत: शून्य. मोसमाच्या मध्यात आलेल्या माणसाला दर तीन-चार दिवसांनी मॅच असते. मॅचनंतरचा दिवस आरामाचा, मॅचआधीचा दिवस हलक्या सरावाचा. शिकवायला उरतो एक दिवस, फार तर दोन.

त्याचा इतिहास वाचायचा तो असा

ट्रॉफ्या मोजू नका. हाती काय घेतलं आणि जाताना काय ठेवलं ते बघा. व्हिन्सेंट कोम्पनीची बर्नली २०२३-२४ मध्ये १९ वी येऊन खालच्या लीगमध्ये गेली. त्याच उन्हाळ्यात बायर्न म्युनिकने त्याला घेतलं तेव्हा खूप हसं झालं. पण आदल्या वर्षी हीच बर्नली १०१ पॉइंट्स घेऊन चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंडची दुसऱ्या स्तराची लीग, जिंकली होती, तेही चेंडू पायाशी ठेवून. बायर्नला तीच पद्धत हवी होती, आणि ती पेलणारे खेळाडू त्यांच्याकडे होते. २०२४-२५ ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, बायर्नने जिंकली.

एका क्लबात पडलेला माणूस दुसरीकडे पडेलच असं नाही. उनाई एमरीला आर्सेनलने नोव्हेंबर २०१९ मध्ये काढलं. तोच २०२२ च्या ऑक्टोबरअखेर अ‍ॅस्टन व्हिलाला आला, तळाच्या झगड्यातल्या टीमला सातवं नेलं आणि पुढच्या मोसमात चौथं आणून चॅम्पियन्स लीगमध्ये पोहोचवलं.

वाईट मोसमाच्या पोटातही कधीकधी चांगलं काम दडलेलं असतं. क्लॉपचं डॉर्टमुंडमधलं शेवटचं वर्ष २०१४-१५. टीम फेब्रुवारीत तळाला होती आणि शेवटी सातवी आली. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचा प्रमुख इयन ग्रॅहम याने त्या मोसमातल्या संधींचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की खेळ सातव्या क्रमांकाचा नव्हताच, नशीब विलक्षण वाईट होतं. म्हणून जुन्या मोसमांचेही एक्सजी बघा. अंडरस्टॅट या वेबसाइटवर युरोपातल्या पाच मोठ्या लीगचे २०१४-१५ पासूनचे मॅचनिहाय आकडे फुकट आहेत.

आणखी एक गोष्ट चाहते हमखास विसरतात: सोबतची माणसं. असिस्टंट, सेट पीस (कॉर्नर, फ्री किक) कोच, गोलकीपर कोच, फिटनेस कोच यातले कोण त्याच्याबरोबर आले, कोण जुन्या क्लबात राहिले? एखादी टीम कॉर्नरवर गोलांचा पाऊस पाडत असेल तर ती कला बरेचदा हेड कोचची नसते. आर्सेनलमध्ये ते काम निकोला जोव्हेरचं; तो २०२१ मध्ये आला.

मॅच बघताना: चेंडूवरून नजर काढा

खरी परीक्षा इथे आहे, आणि सर्वात जास्त वेळ इथेच द्यावा. तीन मॅच निवडा: घरच्या मैदानावर, दहा जण मागे घेऊन बसणाऱ्या टीमविरुद्धची एक, बलाढ्य टीमच्या मैदानावरची एक, आणि आठवड्यात मधल्या मॅचनंतर येणारी, म्हणजे दमलेल्या पायांनी खेळलेली एक. इंग्लंडमधली शनिवारी दुपारी तीनची मॅच आपल्याकडे हिवाळ्यात साडेआठला आणि त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेसातला सुरू होते, म्हणजे जागरण न करता नीट बघता येते. कॉमेंटरी बंद करा. समालोचक गोष्ट सांगत असतो आणि आपण नकळत तीच गोष्ट बघायला लागतो.

गोल किकपासून, म्हणजे आपल्या गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकपासून, सुरुवात करा. त्या वेळी कॅमेरा लांबून दाखवतो, बरीचशी मांडणी दिसते. २०१९ च्या नियमबदलानंतर डिफेंडरला गोल किकचा चेंडू स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्येच पायात घेता येतो, त्यामुळे मॅनेजरची शिकवणूक पहिल्यांदा इथेच उघडी पडते. कीपरच्या दोन्ही बाजूंना कोण उभं आहे? पुढे मदतीला एक मिडफिल्डर येतो की दोन? समोरच्या टीमने जोरात प्रेस केलं, म्हणजे अंगावर धावून दबाव आणला, आणि दहा मिनिटांत सगळे चेंडू लांब जायला लागले, तर सराव अजून पोटात गेलेला नाही. लांब मारणं हा गुन्हा नाही. मात्र तो उंच चेंडू जिथे पडतो तिथे आपले तीन-चार जण आधीच पोहोचलेले आहेत का, हे बघा. पोहोचलेले असतील तर लांब मारणं ठरवून आहे. एकटा स्ट्रायकर हवेत उड्या मारत असेल तर ती घबराट आहे.

दुसरी जागा: चेंडू समोरच्यांच्या बॉक्सजवळ असताना पॉज दाबा आणि मागे राहिलेले मोजा. बहुतेक चांगल्या टीम पाच जण मागे ठेवतात, तीन आणि त्यांच्यापुढे दोन, किंवा दोन आणि पुढे तीन. चारच असतील आणि दोन फुलबॅक (कडेचे डिफेंडर) एकाच वेळी वर गेलेले असतील, तर पुढच्या वीस मिनिटांत एक काउंटर अटॅक, म्हणजे झटपट उलटा हल्ला, ठरलेला. गोल झाला की सेंटर बॅकला शिव्या पडतात, पण चूक आखणीची असते.

तिसरी: चेंडू हरवल्यावर मनात पाच आकडे मोजा. पहिल्या दोन आकड्यांत जवळचे तिघं चेंडूवर तुटून पडले तर प्रेसिंग शिकवलेलं आहे. एकच धावला आणि बाकीचे हात वर करून उभे राहिले, तर एकट्याचं धावणं वाया जातं, आणि वर त्याची जागा रिकामी. हे पहिल्या १५ मिनिटांत, मग ६० ते ७५ या मिनिटांत आणि शेवटच्या दहात, असं तीन वेळा तपासा. सुरुवातीला सगळेच धावतात.

बदली खेळाडू कधी येतात याचीही नोंद ठेवा. पाच बदल, हाफटाइम वगळता तीन थांब्यांत करायचे असतात. ०-१ ने मागे असताना ८० व्या मिनिटापर्यंत एकही बदल नाही, असं तीनदा दिसलं तर लिहून ठेवा. बदलामुळे नुसता माणूस बदलला की मांडणीही, हेही लिहा.

कॉर्नर मात्र पटकन कळतात. सलग तीन कॉर्नर एकाच जागी पडले, तेच दोघं कीपरजवळ आणि तोच एक लांबून धावत आला, तर तो डाव बसवलेला आहे.

या सगळ्याचं एक जवळून बघण्यासारखं उदाहरण म्हणजे ६ नोव्हेंबर २०२३ ची टॉटनहॅम-चेल्सी. टॉटनहॅमच्या नव्या मॅनेजरने, अँजे पोस्टेकोग्लूने, पहिल्या १० लीग मॅचमध्ये आठ जिंकल्या होत्या, दोन बरोबरीत, २६ पॉइंट्स. त्या रात्री रोमेरो आणि उडोजीला रेड कार्ड, व्हॅन डी व्हेन आणि मॅडिसन जखमी. नऊ जण उरले तरी डिफेन्सची रांग अर्ध्या मैदानाच्या रेषेवरच, आणि कीपर व्हिकारियो बॉक्सबाहेर धावत येऊन चेंडू उडवतोय. निकाल १-४. अनेकांनी ते धैर्य म्हणून डोक्यावर घेतलं. वहीत लिहायचं होतं ते वेगळं: ही उंच रांग डिफेंडर व्हॅन डी व्हेनच्या वेगावर उभी आहे, आणि तो नसताना वापरायचा दुसरा आराखडा नाही. चेल्सीसकट पाच लीग मॅचमध्ये टॉटनहॅमला एकच पॉइंट मिळाला. पुढच्या मोसमात ते लीगमध्ये १७ वे आले आणि त्याच मोसमात युरोपा लीगही जिंकले. एकाच माणसाबद्दल दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. वादात दोन्ही मांडाव्या लागतात.

उलट बाजूने, लिव्हरपूलला नव्याने आलेला आर्ने स्लॉट बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलला हवा असलेला मिडफिल्डर झुबिमेंडी मिळाला नाही. स्लॉटने आदल्या मोसमात बरेचदा बेंचवर बसलेल्या ग्राव्हेनबर्खला डिफेन्सच्या पुढे उभं केलं. पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन वळणं ही त्याची हातोटी होती, तीच त्या जागेवर कामी आली. लिव्हरपूल लीग जिंकलं. ‘टीम तयारच होती’ हा आक्षेप अर्धा खरा आहे, पण हातातल्या खेळाडूची नवी जागा शोधणं हे अस्सल मॅनेजरचं काम आहे. नव्या माणसाच्या बाबतीत असा एक तरी खेळाडू सापडतो का, ते शोधा.

आकडे लावताना कुठे पाय घसरतो

जुन्याच्या शेवटच्या १० आणि नव्याच्या पहिल्या १० लीग मॅच घ्या. समजा जुन्याच्या वेळी दर मॅचला एक्सजी १.२ मिळवला आणि १.५ दिला, फरक उणे ०.३. नव्याच्या वेळी १.४ आणि १.२, फरक अधिक ०.२. सुधारणा अर्ध्या गोलाची, म्हणजे ३८ मॅचच्या मोसमात १९ गोल. ही मोठी गोष्ट आहे.

मात्र आधी आकडे धुऊन घ्या. पेनल्टी वगळा, एका पेनल्टीचा एक्सजी साधारण ०.७६ ते ०.७९ असतो आणि दोन पेनल्ट्यांनी वाईट मॅच चांगली दिसते. रेड कार्डनंतरची मिनिटं बाजूला ठेवा. समोरच्या टीम कोण होत्या ते मांडा: वरच्या सहातल्या किती, तळाच्या सहातल्या किती, घरी किती, बाहेर किती. जुन्याला पाच बलाढ्य टीम आणि नव्याला एकच, असं असेल तर तुलना बाद. आणि आघाडीवर असलेली टीम मागे सरकते, तिचा एक्सजी आपोआप उतरतो. १० व्या मिनिटाला गोल करून उरलेली मॅच सांभाळणाऱ्या टीमचा आकडा बघून ‘बोथट अटॅक’ म्हणू नका. बरोबरी असतानाचे आकडे वेगळे काढता आले तर तेच वापरा.

चेंडूचा ताबा, म्हणजे पझेशन, हा आकडा मॅनेजर जोखायला जवळपास निरुपयोगी आहे.

कधी काय म्हणायचं

तीन मॅचनंतर फक्त ‘काय करायचा प्रयत्न आहे’ एवढं बोला. दहानंतर एक्सजीबद्दल. वीसनंतर निकालांबद्दल. खेळाडूंच्या निवडीबद्दल त्याच्या दुसऱ्या पूर्ण उन्हाळी विंडोनंतर. आर्टेटाचं आर्सेनल दोनदा आठवं आलं आणि २०२१-२२ च्या पहिल्या तीन लीग मॅच एकही गोल न करता हरलं. मोसमाअखेर ते पाचवं आलं, आणि पुढची तिन्ही वर्षं दुसरं.

धीर धरायचा म्हणजे डोळे मिटायचे असंही नाही. रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला तेव्हा त्याच्या ३-४-३ ला (तीन डिफेंडर, चार मधले, तीन पुढचे) लागणारे, कडेने वर-खाली धावणारे विंगबॅक टीममध्ये जवळजवळ नव्हतेच, आणि विंडो बंद होती. ही बाजू त्याच्या हिशेबात धरलीच पाहिजे. पण मधल्या दोघांना समोरचे तिघं घेरतात हे आठवड्यामागून आठवडे दिसत होतं आणि मांडणी तीच राहिली. ती बाजूही धरली पाहिजे. टीम १५ वी आली, ४२ पॉइंट्स घेऊन. सारखी तीच चूक, आणि तिच्यावर उपाय करताना कुणी दिसत नाही: लवकर काळजी करण्यासाठी एवढं एकच कारण पुरेसं आहे.

गोवा आणि मुंबईच्या चाहत्यांसाठी

आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) हीच पट्टी वापरताना मॅचची संख्या लक्षात घ्या. मुंबई सिटीने २०२२-२३ ची शील्ड, म्हणजे टेबलात पहिलं येण्याचं बक्षीस, २० मॅचमध्ये जिंकली. तेव्हा दहा मॅच म्हणजे अर्धा मोसम होता. शिवाय २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी, त्यामुळे एक चांगला परदेशी जखमी झाला की सगळं गणित फिरतं.

एफसी गोवाने सर्जिओ लोबेराला जानेवारी २०२० अखेर दूर केलं तेव्हा टीम टेबलात वर होती. क्लिफर्ड मिरांडाने सूत्रं घेतली आणि उरलेल्या तिन्ही मॅच ४-१, ५-२, ५-० अशा जिंकून शील्ड आणली. मिरांडाने घडी न विस्कटता टीम हाताळली, ते कसब त्याचं. पण त्या १४ गोलांवरून लोबेराला काढणं बरोबर होतं असा निष्कर्ष निघत नाही, कारण हल्ल्याची ती पद्धत लोबेरानेच अडीच वर्षांत रुजवली होती.

मुंबईत पीटर क्रॅटकी डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून बाद फेरीनंतरचा कप घेऊन गेला. त्यानंतर पेरेरा डियाझ, नोगुएरा आणि राहुल भेके बेंगळुरूला गेले, आपुया मोहन बागानला. पुढच्या मोसमात मुंबई सहावी आली आणि बाद फेरीत त्याच बेंगळुरूने ५-० ने घरी पाठवलं. क्रॅटकीचं पान लिहिताना ही चार नावं पहिल्या ओळीत हवीत.

वाद घालायला बसलात की समोरच्याला आधी एकच प्रश्न विचारा: ‘काय दिसलं तर तुझं मत बदलेल?’ उत्तर मिळालं तर ते दोघांच्या वहीत तारखेसह लिहा आणि दहाव्या मॅचच्या रात्री उघडा. ‘काहीही दिसलं तरी नाही’ असं उत्तर आलं, तर विषय बदला आणि पुढच्या मॅचची लाइनअप काय असेल ते बोला.